खडा नाही, मग सूज कशाची?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे बसायला बाक पुरत नाही. रावेर-यावलकडच्या केळीला पाणी देणारा सालदार, पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभा राहणारा कामगार, बाजार समितीतला हमाल, सगळ्यांची तक्रार एकच असते: कुशीत चमक आणि लघवीला जळजळ. खान्देशात कूस दुखली म्हणजे मुतखडा, हे इतकं पक्कं आहे की दवाखान्याची पायरी चढण्याआधीच घरात कुळीथ उकळत असतो आणि शेजारून पानफुटीची पानं आलेली असतात. यात हसण्यासारखं काही नाही. ऊन, घाम आणि पाणी पिण्याची हेळसांड यांमुळे मुतखडा हा इथला खराखुरा आजार आहे आणि घरच्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघतो.

ही पुस्तिका ज्यांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांच्यासाठी आहे.

सोनोग्राफीच्या खोलीतलं बोलणं साधारण ठरलेलं असतं. पोटावर गार जेल, पडद्यावर करडं चित्र, बरगडीखाली दाबून धरलेला प्रोब. ‘उजव्या किडनीला सूज आहे.’ नातेवाईक लगेच विचारतात, ‘खडा किती एमएमचा आहे, साहेब?’ ‘खडा दिसत नाही.’ रिपोर्टचा लिफाफा घेऊन बाहेर आल्यावर कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘मग पडून गेला असेल.’ ते खरंही असू शकतं. पण खडा पडून गेला असेल तर सूज उतरायला हवी. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि सूज तशीच राहिली, किंवा आता दुसऱ्या किडनीवरही दिसू लागली, तर ‘पडून गेला’ हे उत्तर संपलं. तिथून पुढे एकच प्रश्न धरून बसायचा असतो: खडा नाही, मग सूज कशाची? या प्रश्नाची उत्तरं अनेक आहेत. त्यातलं एक दुर्मीळ, पण वेळेवर सापडलं तर आवरता येणारं उत्तर म्हणजे रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. डॉक्टर आपसात त्याला आरपीएफ म्हणतात. भुसावळात हे नाव घेतलं तर समोरचा रेल्वे पोलिसांबद्दल विचारतो, तेव्हा पूर्ण नाव पाठ केलेलं बरं.

मी या आजाराचा रुग्ण आहे, डॉक्टर नाही. म्हणून इथे औषधांचे डोस ठरवून देण्याचा उद्योग केलेला नाही. कोणती गोष्ट का केली जाते, हे कळलं की रुग्ण ती नीट पाळतो आणि न कळता नुसती सांगितली की दुसऱ्या महिन्यात सोडून देतो, एवढ्या अनुभवावर हे लिखाण उभं आहे.

आधी जागा समजून घेऊ, कारण या आजाराचा सगळा खेळ जागेचा आहे. आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असतं, त्याला पर्युदर म्हणतात. त्या अस्तराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून एक अरुंद पट्टा आहे. दोन्ही किडन्या तिथेच असतात. हृदयाकडून खाली येणारी महाधमनी आणि पायांकडून वर जाणारी महाशीर तिथूनच जातात. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या दोन मूत्रवाहिन्याही याच गर्दीतून खाली उतरतात. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीची असते. महाधमनी बेंबीच्या पातळीला, कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर, दोन पायांसाठी दुभंगते. रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिसची सुरुवात बहुधा याच परिसरात होते. धमनीभोवती आधी दाह सुरू होतो आणि मग पांढरट, चिवट, व्रणासारखं तंतुमय ऊतक जमू लागतं. ते वर किडनीच्या धमन्यांपर्यंत आणि खाली ओटीपोटाकडे पसरतं, आजूबाजूला सरकतं आणि मूत्रवाहिन्यांना कवेत घेतं. निरोगी माणसात थोड्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या या वाहिन्या मग मध्याकडे, कण्याकडे ओढल्या जातात. सीटी स्कॅनवर ही ओढ दिसली की अनुभवी रेडिओलॉजिस्ट थबकतो.

ठिबक आपल्याकडे घरोघरच्या शेतात आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. लॅटरलमध्ये क्षार साचून ड्रिपर चोक झाला, तर तो मुतखडा. इथे नळीत काहीच साचलेलं नसतं. बाहेरून तिच्यावर काहीतरी घट्ट बसलेलं असतं. पण उदाहरण इथेच सोडावं लागतं, कारण मूत्रवाहिनी ही निर्जीव नळी नाही. ती लाटेसारखी आकुंचन पावत लघवी पुढे ढकलते. तंतूंनी जखडल्यावर ती लाटच थांबते. आतली वाट पुष्कळदा मोकळी असते, इतकी की शल्यचिकित्सकाची बारीक नळी फार अडचण न येता वर किडनीपर्यंत जाते. तरीही लघवी खाली उतरत नाही, ती मागे तुंबते आणि किडनी फुगते. खडा का दिसत नाही आणि ही नळी, म्हणजे स्टेंट, मात्र का सहज बसते, या दोन्ही कोड्यांचं उत्तर इथे आहे.

आजार नवा नाही. क्यूबात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये नावाजलेले मूत्रविकारतज्ज्ञ होआकिन अल्बार्रान यांनी १९०५ साली त्याचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली झाले, म्हणजे जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे व्हायच्या आधीपासून वैद्यकाला हा आजार ठाऊक आहे. पण अल्बार्रान यांचं लिखाण फ्रेंचमध्ये राहिलं आणि विसरलं गेलं. १९४८ साली अमेरिकेत जॉन ऑर्मंड यांनी दोन रुग्णांची हकिकत इंग्रजीत छापली आणि आजाराला त्यांचंच नाव चिकटलं. जुन्या पुस्तकांत ‘ऑर्मंडचा आजार’ असा उल्लेख सापडतो, तो हाच.

तो का होतो, याचं सरळ उत्तर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत मिळत नाही. साधारण दोन तृतीयांश रुग्णांमध्ये कारण सापडत नाही आणि डॉक्टर ‘इडिओपॅथिक’ असा शेरा मारतात. १९८० च्या दशकात केंब्रिजच्या मिचिन्सन यांनी मांडणी केली की महाधमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीतले घटक बाहेर झिरपतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. आज कल वेगळीकडे आहे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच धमनीभोवतीच्या ऊतकांवर उलटते, असं आता मानलं जातं. याच रुग्णांमधल्या एका मोठ्या गटात आयजीजी-४ नावाच्या प्रतिपिंडाशी जोडलेला आजार निघतो. तो स्वादुपिंड, लाळग्रंथी, डोळ्यांभोवतीच्या ग्रंथी असा कुठेही जाऊ शकतो. ही साखळी २००० सालानंतर जपानी डॉक्टरांमुळे उलगडली. त्यामुळे पाठदुखीचा रुग्ण असूनही डॉक्टर गालाखाली, कानापुढे गाठ आहे का ते चाचपतात, कधी कावीळ झाली होती का विचारतात. हे भलतंच काय विचारतात, असं वाटून घेऊ नये.

उरलेल्या एक तृतीयांशात कारण सापडतं आणि ते शोधणं फार महत्त्वाचं असतं. लिम्फोमासारखा कर्करोग असू शकतो किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग तिथे पसरलेला असू शकतो. पूर्वी पोटावर दिलेलं रेडिएशन किंवा झालेली मोठी शस्त्रक्रियाही कारण ठरते. काही औषधांचंही नाव येतं. अर्धशिशीसाठी पूर्वी दिलं जाणारं मेथिसर्जाइड यासाठी बदनाम झालं. १९६० च्या दशकात त्याचे आणि या आजाराचे धागे जुळले आणि पुढे ते वापरातूनच गेलं. पण त्याच एर्गॉट कुळातल्या डोकेदुखीच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलवर आजही मिळतात आणि लोक त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेतात. डॉक्टरने विचारलं नाही तरी या गोळ्यांची पट्टी दाखवा. धूम्रपान आणि कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा संपर्क, या दोन गोष्टींनी धोका वाढतो हे युरोपातल्या अभ्यासांत दिसलं आहे. विडी ओढणाऱ्याने ती सोडण्यासाठी हे एक जादा निमित्त समजावं. घरावर सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून मात्र घाबरून जाऊ नये. अभ्यासातला संपर्क कारखान्यातल्या धुळीचा होता.

आणि क्षयरोग. पाश्चात्त्य पुस्तकांत तो यादीत खाली कुठेतरी असतो. आपल्याकडे तो वर घ्यायला हवा. कण्याजवळच्या गाठींमध्ये, स्नायूंमध्ये क्षय लपून बसतो आणि चित्रावर अशीच जाड सावली दाखवू शकतो. ती सावली क्षयाची असेल आणि आपण तिला आरपीएफ समजून स्टिरॉइड सुरू केलं, तर आग विझवायला रॉकेल ओतल्यासारखं होतं.

रुग्ण किती? आपल्या भागाचा आकडा कुणी मोजलेला नाही, पण थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. फिनलंडमधल्या एका पाहणीत वर्षाला लाखामागे ०.१ नवे रुग्ण निघाले होते, नेदरलँड्समधल्या नंतरच्या पाहणीत लाखामागे १.३. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सुमारे ४२ लाख आणि धुळे जिल्ह्यात सुमारे २० लाख लोक होते. फिनलंडचं प्रमाण लावलं तर दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला सहा-सात नवे रुग्ण होतात आणि नेदरलँड्सचं लावलं तर ऐंशीच्या आसपास. युरोपचं प्रमाण खान्देशाला जसंच्या तसं लागेल असं मुळीच नाही. पण दोन श्रीमंत, शिस्तीच्या देशांत तेरापट फरक का पडावा, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मला वाटतं, शोधणारा शोधत असेल तर सापडतात. आजार बहुधा ४० ते ६० या वयात धरतो आणि पुरुषांत दोन ते तीन पटींनी जास्त आढळतो. म्हणजे घरातला कर्ता माणूस, जो शेवटपर्यंत ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणार तोच.

दुखणं कसं असतं? खड्याचं दुखणं माणसाला जमिनीवर लोळवतं, येतं तसं जातं. हे दुखणं मंद, खोल आणि हट्टी असतं. ‘कंबर दुखस, रातले झोप लागत नही,’ असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, तसलं. कमरेत, कुशीत किंवा पोटात खोलवर एक जड ठणका असतो आणि कूस बदलली, आडवं झालं, वाकलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. मणक्याचं दुखणं हालचालीने वाढतं किंवा विश्रांतीने कमी होतं, हे तसं नसतं. तरीही बहुतेकांची पहिली फाइल मणक्याचीच बनते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान पन्नाशीच्या कुणाच्याही एक्सरेवर बसतं. कमरेचा एमआरआय झाला असेल तर त्याच्या पुढच्या कडेला महाधमनी दिसते आणि तिच्याभोवतीचा जाड थर कधीकधी तिथेच पहिल्यांदा पकडला जातो. पण सगळ्यांची नजर मणक्यांमधल्या गादीवर असते.

सोबत इतरही खुणा असतात. भूक मरते, वजन उतरतं, थकवा आणि बारीक कणकण राहते. रक्तदाब नव्याने वाढतो किंवा असलेला आवरत नाही. महाशीर दाबली गेल्याने एका किंवा दोन्ही पायांवर सूज येते. पुरुषांच्या वृषणात दुखतं किंवा पाणी भरतं. हे शेवटचं लक्षण सांगायला माणसं इतकी लाजतात की बायकोलाही कळू देत नाहीत. डॉक्टरला सांगा, त्याचा उपयोग होतो.

सगळ्यात मोठा चकवा वेदनाशामक गोळ्यांचा आहे. हे दुखणं दाहाचं असल्यामुळे डायक्लोफेनॅकसारख्या गोळीने सुरुवातीला चांगला आराम पडतो. आराम पडला म्हणून माणूस पुढची पट्टी आणतो. त्याच गोळ्या तुंबलेल्या किडनीला आणखी मार देतात. पारोळ्याच्या स्टँडवर असो की शिरपूरच्या बाजारात, सांधेदुखीची पुडी देणारे भेटतात. अशा काही पुड्यांमध्ये चोरून स्टिरॉइड घातलेलं असतं हे देशभर अनेकदा उघड झालं आहे. या आजाराला स्टिरॉइड लागू पडतं, त्यामुळे पुडीने दुखणं पळालं तर रुग्ण पुडीवाल्याचे पाय धरतो. आत सूज अर्धवट दबते, निदान मात्र लांबतं.

निदानाकडे येऊ. रक्तातलं क्रिएटिनिन किडनीचं काम सांगतं, पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे: एक किडनी तुंबून निकामी व्हायला आली तरी दुसरी धडधाकट असेल तर क्रिएटिनिन नॉर्मल येऊ शकतं. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही’ हे वाक्य सूज असलेल्या किडनीपुढे अपुरं आहे. ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या तपासण्या बऱ्याच रुग्णांत वाढलेल्या असतात. सोनोग्राफी सूज दाखवते, मागचा थर मात्र तिच्यातून अनेकदा निसटतो. आतड्यातला वायू आणि पोटाचा घेर मध्ये येतात. खरं चित्र सीटी किंवा एमआरआयवर उमटतं. सीटीच्या वेळी शिरेतून दिलं जाणारं औषध कमजोर किडनीला झेपेल का, हे आधी पाहावं लागतं. म्हणून कधी तारीख पुढे ढकलतात, कधी साधा सीटी करतात, कधी एमआरआयकडे वळतात. हे टाळाटाळीचं लक्षण नव्हे.

मग घरचे जो प्रश्न कुजबुजत विचारतात तो येतो. कॅन्सर तर नाही ना? चित्रावरून काही अंदाज बांधता येतात. आरपीएफचा थर महाधमनीला वेढतो, पण सहसा तिला कण्यापासून उचलून पुढे ढकलत नाही. कर्करोगाच्या गाठी तसं करू शकतात आणि मूत्रवाहिन्यांना बाहेरच्या बाजूला सारतात. पण अंदाज तो अंदाज. थराची जागा नेहमीची नसेल, गाठी इतरत्र दिसत असतील, क्षयाची शंका असेल किंवा उपचारांना प्रतिसाद मिळत नसेल, तर बायोप्सी करावीच लागते. सुई लावली की रोग भडकतो, ही समजूत आपल्याकडे ओसरीवर बसलेला कुणीही सांगतो. बायोप्सी नाकारून अंदाजाने औषधं घेण्यात जो धोका आहे तो सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

काहींना एवढी उसंत मिळतच नाही. दोन्ही बाजू तुंबतात आणि लघवीच बंद होते. मूत्राशय रिकामं असतं, त्यामुळे खालून नळी घातली तरी काही येत नाही. ओकाऱ्या, धाप, अंगावर सूज, पोटॅशियम वाढल्याने हृदयाची लय बिघडण्याची भीती. ही आणीबाणी आहे. अशा वेळी आधी वाट मोकळी करतात, कारणाचा शोध नंतर घेतात. पाठीतून थेट किडनीत नळी घालून लघवी पिशवीत काढतात, तिला पीसीएन म्हणतात. किंवा मूत्राशयाच्या वाटेने डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी, मूत्रवाहिनीत बसवतात. वाट उघडल्यावर कधीकधी लघवीचा लोंढा लागतो आणि दिवसाला कित्येक लिटर जाते. नातेवाईकांना वाटतं, पेशंट बरा झाला, चला घरी. खरं तर तेच तास जपण्याचे असतात. पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात आणि रक्तदाब खाली येऊ शकतो. किती लघवी गेली हे मोजून लिहायला परिचारिका सांगते, तेव्हा ते मनापासून लिहा.

नळीने वाट उघडते, आजार तसाच राहतो. आजारावर मुख्य औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टिरॉइड. या नावाला आपल्याकडे लोक जितके घाबरतात तितकेच ते नकळत खातात. साधारणपणे सुरुवातीला वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास, सुमारे महिनाभर, आणि मग सहा ते नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ हळूहळू कमी करत जातात. इटलीतल्या डॉक्टरांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नेमका अभ्यास छापला. महिनाभर प्रेडनिसोन घेऊन आजार शमलेल्या ३६ जणांपैकी निम्म्यांना तेच औषध कमी करत पुढे दिलं आणि निम्म्यांना टॅमॉक्सिफेन दिलं. आठ महिन्यांत प्रेडनिसोनच्या गटात ६ टक्के आणि टॅमॉक्सिफेनच्या गटात ३९ टक्के लोकांमध्ये आजार उलटला. छत्तीस ही संख्या लहान आहे, पण इतक्या दुर्मीळ आजारात एवढे रुग्ण गोळा करायला त्यांना वर्षं लागली. स्टिरॉइड झेपत नसेल किंवा आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, रिटुक्सिमॅब अशी दुसरी फळी असते. औषधांनी भागत नाही तेव्हा शस्त्रक्रिया करून मूत्रवाहिन्या त्या जाळ्यातून सोडवतात आणि पोटातल्या चरबीच्या पदरात गुंडाळून ठेवतात, म्हणजे पुन्हा जखडल्या जाऊ नयेत. पूर्वी हाच पहिला उपाय होता. आता बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

स्टिरॉइडने आराम इतक्या झपाट्याने पडतो की काही दिवसांतच कंबर मोकळी वाटते. इथेच घात होतो. बरं वाटलं, तोंड सुजलं, शेजारणीने ‘ही गोळी वाईट’ सांगितलं, आणि गोळी एकदम बंद. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरच्या कागदाप्रमाणेच. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, कावीळ ब आणि क्षय यांची तपासणी झाली का, हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, डोळ्यांची तपासणी, ताप आला तर अंगावर न काढणं, हे सगळं त्याच पॅकेजमध्ये येतं. आणि भूक! स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला डाळ-बट्टीचं ताट पुरत नाही. शेवभाजी, पापड, बिबड्या, लोणचं यांतलं मीठ अंगात पाणी साठवतं आणि रक्तदाब चढवतं. खान्देशी माणसाला अळणी खा म्हणणं क्रूरपणाचं आहे, पण हात आखडताच घ्यावा लागतो.

केळ्याचं तर विचारूच नका. किडनी मंदावलेल्या रुग्णात पोटॅशियम वाढलं की आहारतज्ज्ञ पहिली रेघ केळ्यावर मारतात. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या माणसाला घरासमोरच्या घडाकडे नुसतं बघत बसावं लागतं. पण ही बंदी सगळ्यांना आणि कायमची नसते. पोटॅशियमचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर डॉक्टरला विचारून केळं खाता येतं. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘किडनीचा आहार’ भिंतीला चिकटवून आयुष्यभर पाळणारे मी पाहिले आहेत. त्याची गरज नसते. रिपोर्ट बदलतो तसा आहार बदलतो.

स्टेंटबद्दल एक गोष्ट मला पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर छापावीशी वाटत होती. नळी कायमची नसते. ती साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी किंवा काढावी लागते. आत असताना लघवीला घाई होते, करताना कुशीत कळ जाते, जड काम केल्यावर लघवी लालसर होते. हे त्रासाचं असलं तरी अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला तर मात्र तातडीने जायचं. खरी भीती वेगळी आहे: त्रास सवयीचा होतो, पेरणी येते, लग्न येतं, नळी आत आहे हे विसरलं जातं. मग तिच्यावर क्षार चढतात, ती ठिसूळ होते, काढताना तुटते, आणि खडा नसलेल्या माणसाला अखेर खड्याचं ऑपरेशन करावं लागतं. नळी घातल्याची तारीख आणि काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, फोनमध्ये टाका, मुलालाही सांगून ठेवा.

आता जायचं कुठे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं, दोन्हीकडे खाजगी महाविद्यालयांची रुग्णालयंही आहेत. सूज ओळखणं, तुंबलेली वाट मोकळी करणं, रक्ताच्या नियमित तपासण्या हे आपल्या भागात होऊ शकतं. पण या आजाराला एकटा डॉक्टर पुरत नाही. नळीसाठी मूत्रविकारतज्ज्ञ, किडनीसाठी नेफ्रॉलॉजिस्ट, स्टिरॉइड आणि पुढच्या औषधांसाठी संधिवात-प्रतिकारशक्तीचा तज्ज्ञ, अशी तिघांची मोट बांधावी लागते. आयजीजी-४ च्या तपासणीचा नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. त्यामुळे धुळ्याचा माणूस मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक-मुंबईला किंवा कन्नडचा घाट चढून संभाजीनगरला जातो. जळगावचा अजिंठ्यावरून तिकडे जातो नाहीतर भुसावळहून रेल्वे पकडतो. नंदुरबार-साक्रीकडच्यांना सुरत जवळचं वाटतं.

इतक्या गावांत इतक्या डॉक्टरांकडे फिरताना रुग्णाचा इतिहास सलग राहतो तो फक्त त्याच्या पिशवीत. म्हणून फाइल. दुकानातली साधी प्लास्टिकची फाइल चालेल. त्यात रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, सीटीची सीडी, बायोप्सीचा कागद, आणि सगळ्यात वर हाताने आखलेलं एक पान: तारीख, क्रिएटिनिन, ईएसआर किंवा सीआरपी, साखर, रक्तदाब, स्टिरॉइडचा चालू डोस. दुखणं हा या आजारात वाईट साक्षीदार आहे. स्टिरॉइडवर ते लवकर गप्प होतं, आणि आजार उलटताना किडनी पुष्कळदा दुखल्याशिवायच पुन्हा फुगते. त्यामुळे ‘दुखत नाही’ म्हणून तपासणी चुकवता येत नाही. औषधं थांबल्यावरही वर्षानुवर्षं ठरावीक काळाने रक्त आणि सोनोग्राफी करत राहावं लागतं. चित्रावर थर पूर्ण पुसला गेला नाही म्हणूनही खचायचं कारण नाही. दाह विझल्यावर मागे राहिलेला व्रण बरीच वर्षं तसाच दिसू शकतो. तो वाढतो आहे का, एवढंच बघायचं असतं.

पैशांचं म्हणाल तर, राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या प्रक्रियांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या, रक्त, गाडीभाडं हे खिशातूनच जातं. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, आणि तुमची प्रक्रिया कोणत्या नावाने योजनेत बसते ते त्याच्याकडून लिहून घ्या. आजाराचं नाव यादीत शोधत बसलात तर सापडणं कठीण. नळी बसवणं, पीसीएन, डायलिसिस अशी कामांची नावं शोधा.

पुढचं पहिलं प्रकरण सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचावा यावर आहे. वाचताना स्वतःचा रिपोर्ट समोर ठेवा, आणि ज्यांच्या रिपोर्टवर सूज लिहिली आहे पण कारण लिहिलेलं नाही, त्यांनी बाकीची पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल. आधी दवाखान्याची वेळ घ्या.